लाल ऑइल, देवमासा आणि एक जुनी फोररनर

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं ऑइल लाल का असतं, याचं उत्तर अगदी साधं आहे. जमिनीवर डाग पडला तर तो इंजिनचा की गिअरबॉक्सचा हे चटकन कळावं, म्हणून त्यात रंग घालतात. रंगाचा कामाशी काही संबंध नाही. पण या लाल ऑइलमध्ये एकेकाळी काय होतं आणि ते का काढावं लागलं, हे शोधत गेलो तेव्हा मी थेट देवमासे कापणाऱ्या धक्क्यापर्यंत पोचलो. तो धक्का माझ्या घरापासून गाडीने सव्वा तासावर होता.

माझी गाडी १९९९ ची टोयोटा फोररनर आहे, माझ्यापेक्षा वर्षाने लहान. मी कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या वयाचे इथले बहुतेक मराठी मित्र टेस्ला नाहीतर होंडा चालवतात, आणि माझ्या गाडीला 'म्हैस' म्हणतात. म्हशीचं इंजिन दणकट आहे, पण गिअरबॉक्स गेला तर दुरुस्त केलेला दुसरा बसवायला गाडीच्या किमतीइतकाच खर्च येतो. म्हणजे गिअरबॉक्स गेला की गाडी भंगारात. आणि गिअरबॉक्स मरतो तो बहुतेक वेळा उष्णतेने.

ही उष्णता येते कुठून? ती क्लच न दाबण्याच्या सोयीची किंमत आहे.

हर्मान फ्योटिंगर नावाचा जर्मन इंजिनिअर स्टेटिनच्या व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात काम करत होता. त्याची अडचण अशी, की वाफेचं टर्बाइन वेगाने फिरतं आणि जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला पाहिजे. दातेरी चाकांऐवजी त्याने मधे द्रव घातला आणि १९०५ मध्ये पेटंट घेतलं. टेबल फॅन सुरू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवा, तोही फिरू लागतो. हवेच्या जागी ऑइल कल्पा आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात घाला, की झालं. दोघांमध्ये लोखंडी जोड नाही. त्यामुळे एक थांबला तरी दुसरा फिरत राहू शकतो. गाडी सिग्नलला गिअरमध्ये उभी असताना इंजिन बंद पडत नाही, ते यामुळेच.

पण पहिला पंखा जेवढा फिरला तेवढा दुसरा फिरला नाही, तर मधला फरक जातो कुठे? तो ऑइल घुसळण्यात जातो. ताक घुसळल्यासारखं ऑइल घुसळलं जातं आणि तापतं. ही गळती नाही, बिघाडही नाही. यंत्र ठरल्याप्रमाणे चालत असतानाच ही उष्णता तयार होते.

जनरल मोटर्सने १९३९ च्या शेवटी, १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलसाठी, हायड्रा-मॅटिक बाजारात आणला. त्यामागचा मुख्य माणूस होता अर्ल थॉम्पसन. गंमत म्हणजे हाताने गिअर टाकणं सोपं करणारा सिंक्रोमेशही त्याचाच. युद्धात एम५ स्टुअर्ट रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि दोन हायड्रा-मॅटिक बसवले गेले. मग १९४८ मध्ये ब्यूकचा डायनाफ्लो आला. त्यात नेहमीच्या चालवण्यात गिअर बदलतच नसे, सगळं काम टॉर्क कन्व्हर्टर करायचा. लोण्यासारखी चाल, पण पेट्रोल भरपूर खाणारी. लोकांनी त्याचं नाव 'डायनास्लश' ठेवलं होतं. मला हे नाव फार आवडतं, कारण सोय आणि वाया जाणारी उष्णता दोन्ही त्यात आहेत.

यातून एक अवघड मागणी तयार झाली. या ऑइलने दातेरी चाकांना वंगण द्यायचं, म्हणजे घसरवायचं. त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेट्सनी मात्र एकमेकींना धरायचं, तेही झटका न देता. शिवाय त्यानेच दाब वाहून न्यायचा आणि उष्णताही बाहेर काढायची. एका माणसाला चार नोकऱ्या. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने या ऑइलसाठी 'टाइप ए' हे मानक काढलं, पुढे १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि १९६७ मध्ये 'डेक्सरॉन'. क्लच प्लेट्सची पकड नेमकी राखण्यासाठी यात जो घटक होता, तो स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलातून यायचा.

हे तेल खरं तर तेल नव्हे, पातळ मेण. धातूला चिकटून राहतं आणि उष्णतेत व दाबाखाली सहज तुटत नाही. एकोणिसाव्या शतकात त्याचे दिवे जळत. मग रॉकेल आलं, वीज आली आणि देवमाशाची गोष्ट संपली, असं आपल्याला शाळेत वाटलेलं असतं. ती संपली नव्हती, गाड्यांच्या पोटात गेली होती. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठावरच्या रिचमंडमध्ये देवमासे कापण्याचं केंद्र १९७१ पर्यंत चालू होतं. अमेरिकेतलं ते शेवटचं. माणूस चंद्रावर जाऊन आला होता आणि रिचमंडच्या धक्क्यावर अजून देवमासा ओढून आणला जात होता.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं. १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा झाला आणि १९७३ मध्ये धोक्यातल्या प्रजातींचा मोठा कायदा. व्हेलचं तेल बंद. रसायनतज्ज्ञ पर्याय शोधू लागले. सोनोरन वाळवंटातल्या होहोबा या झुडपाच्या बियांचं तेलही पातळ मेणच असतं, म्हणून त्याच्यावर आशा होती. जनरल मोटर्सने व्हेलशिवायचं 'डेक्सरॉन टू-सी' आणलं.

आणि मग कूलर फुटू लागले.

तोवर पद्धत रूढ झाली होती, की गिअरबॉक्समधून दोन नळ्या पुढे रेडिएटरपर्यंत न्यायच्या. रेडिएटरच्या टाकीत एक छोटा कूलर बसवलेला असतो. आतून लाल ऑइल जातं, बाहेरून कूलंट. थंडीच्या सकाळी कूलंट ऑइलला लवकर गरम करतो, उन्हात थंड करतो. कल्पना हुशारीची आहे. पण दोन्ही द्रवांमध्ये पातळ धातूची एकच भिंत असते. नव्या ऑइलमध्ये त्या कूलरच्या सांध्यांमधला डाख गंजू लागला, कारण जुन्या ऑइलइतकं गंजापासून संरक्षण नवं देत नव्हतं. जनरल मोटर्सने गंजरोधक घालून १९७५ मध्ये 'डेक्सरॉन टू-डी' काढलं.

आम्ही कोडमधली एखादी जुनी लायब्ररी काढतो, तेव्हा तिचं नाव जिथे लिहिलेलं असतं तिथे कधीच काही मोडत नाही. मोडतं भलतीकडेच. इथे पकड राखणारा घटक बदलला आणि रेडिएटरमधली नळी गेली. ती कुणाच्या यादीत असेल असं मला वाटत नाही.

देवमासे वाचवायला गेले आणि गिअरबॉक्स मारले, असं म्हणणारे लोक आजही भेटतात. मला ते पटत नाही. प्रदूषणाच्या नियमांमुळे त्याच काळात इंजिनंही जास्त गरम चालवली जात होती आणि गाड्या जड होत्या. ऑइल, उष्णता आणि डाख तिन्ही माणसाच्या हातात होते. त्यातल्या कशालाच देवमाशाने सही दिली नव्हती.

ती पातळ भिंत मात्र राहिली. २००५ ते २०१० दरम्यानच्या निस्सानच्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर गाड्यांमध्ये रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरण्याच्या इतक्या तक्रारी झाल्या, की अमेरिकेत सामूहिक दावा चालला आणि वॉरंटी वाढवावी लागली. या मिश्रणाला मेकॅनिक लोक स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात. दिसतंही तसंच, फेसाळ आणि गुलाबी. क्लच प्लेट्सवरचं अस्तर कागदासारखं असतं आणि गोंदाने चिकटवलेलं असतं. त्यात पाणी आणि ग्लायकॉल शिरलं की अस्तर सुटायला लागतं. नंतर ऑइल कितीही बदला, फारसा उपयोग नाही. माझ्या पिढीच्या फोररनरलाही जुन्या रेडिएटरमुळे हाच आजार होतो. त्यात टोयोटाचा कूलंटही लाल. डागावरून ओळखता यावं म्हणून रंग, आणि दोघांचा रंग एकच!

एवढं वाचल्यावर मी गाडीबाबत तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, रेडिएटर नवा. पंचवीस वर्षांच्या प्लास्टिकच्या टाकीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी, एसीच्या कंडेन्सरपुढे हवेवर थंड होणारा जादा कूलर. रेडिएटर पूर्ण वगळून फक्त हवेचा कूलर ठेवायचा, असं बरेच जण करतात. त्यात मिल्कशेकचा धोकाच संपतो. मी तसं केलं नाही. रेडिएटर नवा असेल तर तो ऑइल लवकर गरम करतो, आणि आम्ही हिवाळ्यात ताहोला जातो. म्हणून ऑइल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून आणि मग परत. सॅक्रामेंटो जवळपास समुद्रसपाटीला आहे आणि डॉनर समिट साधारण २,२०० मीटरवर. शनिवारी सकाळी बर्फासाठी निघालेल्या गर्दीत हा घाट मुंगीच्या पावलाने चढायचा म्हणजे डायनास्लशचाच प्रकार. कन्व्हर्टर लॉक होत नाही आणि ऑइल घुसळत राहतं. मेकॅनिकांचा एक ठोकताळा आहे, ८० अंश सेल्सिअसच्या वर दर ११ अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. ठोकताळाच आहे, पण घाटात तो आठवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे ऑइल. अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये ऑइल बदलायला मनाई आहे, म्हणून हे सगळं फ्रीमाँटच्या एका दादाच्या घरासमोर केलं. जॅक लावला, स्टँड घातले, पॅनचा नट सोडला. एका वेळी दोनेक लिटरच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. त्यामुळे काही दिवसांच्या अंतराने तीनदा काढून भरलं. पातळी बघायची तर गाडी गरम हवी, इंजिन चालू हवं, आणि आधी ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधून दांडा फिरवून आणायचा. माझ्या गाडीला अजून डिपस्टिक आहे. नंतरच्या कित्येक गाड्यांमधून कंपन्यांनी ती काढूनच टाकली आणि ऑइल 'आयुष्यभराचं' आहे असं सांगितलं. कुणाच्या आयुष्याचं, हे विचारायला हवं.

दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर आता 'डेक्सरॉन थ्री साठी योग्य' एवढंच लिहिलेलं असतं. जनरल मोटर्सने त्या मानकाचे परवाने २००६ नंतर देणं बंद केलं, पण १९९९ च्या गाड्या रस्त्यावर आहेत, म्हणून बाटल्याही आहेत.

दादा खुर्ची टाकून चहा पीत बघत होता. म्हणाला, "अरे, एवढं करण्यापेक्षा माझ्यासारखी टेस्ला घे ना. ऑइलची भानगडच नाही!"

"दादा, तुमच्या मॉडेल थ्रीच्या मोटरलाही ऑइल असतं," मी गाडीखालून म्हटलं. "आणि ते थंड करायला कूलरही. एका बाजूला ऑइल, दुसऱ्या बाजूला कूलंट."

"मधे काय?"

"पातळ भिंत."

त्याने कप खाली ठेवून फोन काढला आणि शोधत बसला.

निघालेलं ऑइल मी कॅनमध्ये भरून जवळच्या पार्ट्सच्या दुकानात नेलं. इथे ते जुनं ऑइल फुकट घेतात, फक्त त्यात कूलंट मिसळलेला चालत नाही. काउंटरवरच्या पोराने झाकण उघडलं, कॅन जरा तिरका करून उजेडात आत पाहिलं आणि मागच्या टाकीकडे बोट दाखवलं. लालच होतं, थोडं काळपट.