अनवाणी पाऊल : धाव आणि आसन

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हां जाळ्याच्या दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात. दोर धरून तीं माणसें मागें मागें सरकतात. पायांचीं बोटें ओल्या वाळूंत आधीं रुततात, टांच मागाहून टेकते. समोर सिंधुदुर्ग उभा आहे. त्याचें बांधकाम १६६४ सालीं सुरू झालें. किल्ल्यांत हाताचा व पावलाचा एकेक ठसा जतन केलेला असून ते शिवछत्रपतींचे आहेत, अशी परंपरा आहे. तें पाऊलही अनवाणीच आहे. लोक त्याला वंदन करतात. तेंच गाबिताचें वा कुणब्याचें असलें, म्हणजे मात्र दारिद्र्याची खूण ठरतें.

या समजुतीला एक धक्का पुण्यांत बसला. १९०६ मध्यें स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती सर दोराबजी टाटा यांनीं १९१९ च्या सुमारास पाहिल्या. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गांतील तरुण. कित्येकांच्या पायांत कांहींच नव्हतें. शर्यतीचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालें नव्हतें. तरीही त्यांना लागलेला वेळ युरोपांतील धावपटूंच्या वेळेशीं ताडून पाहण्याजोगा होता, हें टाटांच्या ध्यानांत आलें. त्यांच्याच पुढाकारानें १९२० मध्यें हिंदी खेळाडूंचें पथक अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस गेलें. तेथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांनीं ४२.७५ किलोमीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला.

योगाभ्यासाचें नवें पर्वही याच दशकांतलें. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखालीं व्यायामविद्या शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि योगक्रियांचे शरीरावरील परिणाम क्ष-किरणांसारख्या साधनांनीं तपासले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार शाळांत नेले. धावणें हें योगाचें अंग आहे, असें मात्र कोणी समजूं नये. पतंजलींना आसनांत स्थैर्य व सुख हवें आहे, वेग नव्हे. नातें आहे तें निराळें. उभ्यानें करावयाच्या आसनांत तळव्याला जमीन कळते, बोटें पसरतात, तोल सावरतो आणि श्वासाला लय येते. अनवाणी धावणाराही तळवा आणि श्वास या दोहोंवरच विसंबून असतो.

पण दोघांच्या वांट्याला आलेला मान सारखा नव्हता. योग्याची क्रिया १९२४ मध्येंच प्रयोगशाळेंत पोंचली; अनवाणी धावणाऱ्याच्या पावलाला फार वाट पाहावी लागली. १९६० मध्यें इथिओपियाच्या अबेबे बिकिलानें रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, तेव्हां जग चकित झालें. पुढें २०१० मध्यें हार्वर्डचे डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, अनवाणी धावण्याची संवय असलेलीं माणसें बहुधा पावलाच्या पुढच्या वा मधल्या भागावर उतरतात आणि टांचेवर बसणारा आकस्मिक आघात टाळतात. जन्मभर बूट वापरणाऱ्यानें हें कसब एका दिवसांत साधूं पाहिलें, तर इजाच व्हावयाची. आसनाप्रमाणें तेंही हळूहळूच मुरतें.

योगी वहाण दाराशीं काढून ठेवतो, ती स्वेच्छेनें. कुणब्याच्या पोरापाशीं ती नव्हतीच. हा भेद विसरून अनवाणीपणाचे गोडवे गाणें अन्यायाचें होईल. परंतु वहाण नव्हती म्हणून त्या पायांत विद्याही नव्हती, असें मानणें हा त्याहून मोठा अन्याय होय.