कोंडलेला वारा

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात ज्याचे वडील कॉम्प्रेसर सांभाळतात, अशा माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, वारा कोंडून काय साधते?” मी त्याच्या हाती सायकलचा पंप दिला. दट्ट्या ओढला की हवा आत शिरते. रेटला की ती आक्रसते, तापते व झडप ढकलून निघते. कॉम्प्रेसरचे मर्म हेच.

मग आल्प्समधील फ्रेजू बोगद्याची हकीकत सांगितली. खोदाई १८५७ साली सुरू झाली. आत वाफेचे यंत्र न्यावे, तर धुराने माणसे गुदमरावयाची. जेर्माँ सोमेये या अभियंत्याने बाहेर पाण्याच्या जोरावर हवा दाबून नळांनी आत नेली. तिच्यावर छिद्रयंत्रे चालली; आणि काम करून सुटलेली तीच हवा मजुरांचा श्वास झाली. सप्टेंबर १८७१मध्ये बोगदा खुला झाला. सोमेये जुलैतच वारला होता.

मुलाने तापलेल्या पंपावरून हात फिरविला. म्हणाला, “आज बाबांना सांगेन.”