आधी हात, मग पोट

हिंगोलीत २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचं एकाच वेळी उद्घाटन झालं, त्यांतलं हे एक, जागा शंभर. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र आलंच, आणि डिसेक्शन हॉलमधलं काम सहसा हातापासून सुरू होतं. छातीच्या वरच्या भागातून काखेत शिरायचं, तिथून दंड, कोपर, मनगट, तळवा. मग छाती. मग पाय. पोटाची पाळी त्यानंतर, आणि ओटीपोटाची पोटाच्याही नंतर.

असा क्रम का, असं विचारलं तर उत्तर मिळतं की हात सोपा असतो. ते खरंच आहे. हाताचे स्नायू वेगळे करताना चूक झाली तरी फार बिघडत नाही, आणि शिकणारा आपलाच हात समोर धरून ताडून पाहू शकतो. पण हे उत्तर अपुरं आहे, कारण सातशे वर्षांपूर्वी हा क्रम नेमका उलटा होता.

इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात मोंदिनो नावाचे अध्यापक होते. त्यांनी १३१६ साली शवविच्छेदनाची जी पोथी लिहिली, तिच्यावर युरोप पुढे दोन शतकं शिकला. त्यांचा क्रम असा: आधी पोट, मग छाती, मग डोकं, आणि हात-पाय सगळ्यात शेवटी. कारण साधं होतं. पोट आधी सडतं. काम थंडीत करायचं, तेही तीन-चार दिवसांत उरकायचं. आतडी, यकृत, प्लीहा पहिल्या दिवशी पाहिली नाहीत तर पुढे पाहता येत नसत. हात-पाय टिकतात म्हणून त्यांना थांबवून ठेवायचं. अभ्यासक्रम कुणा पंडितानं आखलेला नव्हता, कुजण्याच्या वेगानं तो ठरवून दिला होता.

याच्या कितीतरी आधी आपल्याकडे सुश्रुतसंहितेनं ही अडचण ओळखली होती. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात कृती दिली आहे. देह सर्व अवयवांनी पूर्ण असावा, विषानं मेलेल्याचा नसावा, दीर्घ आजारानं झिजलेल्याचा किंवा शंभरी गाठलेल्याचा नसावा. त्याच्या आतड्यांतला मळ काढून टाकावा, मुंज, साल, कुश किंवा तागात तो गुंडाळावा आणि पिंजऱ्यात घालून आडजागी वाहत्या पाण्यात ठेवावा. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्यानं हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा. उन्हाळ्यात आटणारी आमची कयाधू नदी या कामाला पुरी पडली नसती; पाणी वाहतंच हवं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की इथेही पहिला विचार पोटाचाच आहे. शरीर टिकवायचं तर आधी पोटाचा बंदोबस्त करावा लागतो, हे दोन्हीकडच्या जाणत्यांना कळलं होतं.

शरीराचे भाग पाडून शिकण्याची रीतही त्याच ग्रंथात आहे. चार शाखा, पाचवा मध्य, सहावं शिर असं ते षडंग. शाखा म्हणजे हात-पाय. मर्मं एकशे सात मोजली, त्यांतली चव्वेचाळीस शाखांमध्ये, एकेका शाखेत अकरा. अशी भागवार मोजदाद शल्यवैद्यालाच लागते. शस्त्र एका जागी आत जातं, आणि त्या जागी कातडीखाली एकापाठोपाठ काय काय लागणार हे त्याला माहीत असावं लागतं. आजचं प्रादेशिक शरीररचनाशास्त्र याच गरजेतून आलं आहे.

आता थोडं शब्दांबद्दल, कारण मराठीनं हे प्रदेश आधीच नावं देऊन ठेवले आहेत. गुडघ्याखाली मागच्या बाजूचा फुगीर भाग म्हणजे पोटरी. ग्रीकांनी तिथल्या स्नायूच्या नावात ‘पायाचं पोट’ असाच अर्थ घातला. मराठीतही पोट आणि पोटरी यांचं नातं कानालाच कळतं. हिंगोलीच्या शेतकऱ्याला तर हा शब्द रानातूनही माहीत असतो: कणीस बाहेर पडण्याआधी ताट फुगतं, तेव्हा ज्वारी पोटरीत आली असं तो म्हणतो. कण्याच्या टोकाशी ग्रीकांना कोकिळेची चोच दिसली, आपल्याला माकडाचं शेपूट, म्हणून माकडहाड. आणि पेल्व्हिस? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घंगाळ. वाळलेली हाडं समोर ठेवून दिलेलं ते नाव आहे. मराठीत तोच प्रदेश ओटीपोट. ज्या जागी लुगड्याच्या ओच्यात तांदूळ, नारळ, खण पडतात, ती जागा. हे नाव जिवंत बाईकडे पाहून पडलं आहे. मला ते घंगाळापेक्षा शंभर पटींनी अचूक वाटतं, आणि आपल्या डॉक्टरांनी रुग्णाशी बोलताना तेच वापरावं.

आता शब्दांकडून पुन्हा शरीररचनेच्या शिक्षणाकडे. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. १८५८ मध्ये इथे शिकवायला आले हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. त्याच वर्षी लंडनला ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ छापून निघालं होतं आणि त्यातली चित्रं याच कार्टरनी काढली होती. शिरा, स्नायू, हाडं यांची नावं त्यांनी त्या त्या अवयवावरच लिहिली, त्यामुळे बघणाऱ्याचा डोळा चित्रावरून हलत नाही. नाव मात्र ग्रे यांचं झालं. कार्टरनी पुढची तीस वर्षं मुंबई इलाख्यात काढली, साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणूनही. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर त्यांनी १८७४ साली ग्रंथ लिहिला. पायाची रचना कागदावर उतरवणारा माणूस इथल्या शेतकऱ्यांच्या पायांशी येऊन थांबला, हे मला त्यांच्या चित्रांहूनही मोठं वाटतं.

क्रम उलटला तो मात्र फॉर्मलिननं. फ्रँकफुर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लुम १८९३ मध्ये जंतुनाशक म्हणून त्याची परीक्षा करत होते, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी टणक झाली. त्यावरून त्यांनी ताडलं की ऊतीही अशाच टिकतील. आज हे द्रावण बहुधा मांडीच्या मुळाशी असलेल्या धमनीतून किंवा मानेतल्या धमनीतून शरीरभर सोडतात आणि एक देह वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, पुरतो. पोटाची घाई संपली. आता सोप्याकडून अवघडाकडे जाता येऊ लागलं, म्हणून हात पहिला आला. कनिंगहॅम यांच्या विच्छेदन-पुस्तकाचा पहिला खंड हात-पायांचा आणि दुसरा छाती-पोटाचा. ग्वाल्हेरचे बी. डी. चौरसिया यांनीही भारतीय विद्यार्थ्यांसाठी प्रदेशवार वाटणी केली. पोरं ज्याला नुसतं ‘बीडी’ म्हणतात, त्याच्या दुसऱ्या खंडात पाय, पोट आणि ओटीपोट एकत्र आहेत.

पण फॉर्मलिनला देह लागतो. मुंबई प्रांतानं १९४९ साली अ‍ॅनाटॉमी कायदा करून बेवारस मृतदेह महाविद्यालयांना मिळण्याची सोय केली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपले डॉक्टर शिकले ते मुख्यतः ज्यांचं कुणी नव्हतं त्यांच्या देहावर. स्वेच्छेनं देह देण्याच्या आपल्याकडच्या आरंभीच्या नोंदींत पुण्याचे पांडुरंग श्रीधर आपटे यांचं नाव येतं. १९५६ साली त्यांचा देह बी. जे. मेडिकल कॉलेजला मिळाला. आता पहिल्या छेदाआधी विद्यार्थी त्या देहासमोर उभे राहून आदराची शपथ घेतात.

हिंगोलीच्या वाचकांना माझी विनंती आहे. देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात भरता येतो. शवचिकित्सा झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान केलेलं चालतं. देह काही तासांत पोचवावा लागतो आणि तो पोचवणं घरच्यांच्या हातात असतं. म्हणून अर्ज भरलात, की त्याच दिवशी घरी सांगा.