स्पीड ३०० एमबीपीएस, तरी गेम अडकतोच? डेस्कटॉपच्या वायफाय लॅगचं मूळ असं शोधा

व्हॅलोरंटची रँक मॅच. स्कोअर १२-१२. तुम्ही कोपऱ्यावरून डोकावता, समोरचा दिसतो, क्लिक करता... आणि पुढच्या क्षणी स्क्रीनवर तुम्हीच आडवे! वर पाहिलं तर पिंग १८ वरून ३४० वर गेलेला. तिकडून टीममेट विचारतोय, "भावा, झोपलास का?"

अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी प्लॅन वाढवतात. मीही तेच केलं होतं. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला, दर महिन्याला जास्तीचे पैसे भरले आणि गेम तसाच अडकत राहिला. दोन महिन्यांनी कळलं की मदरबोर्डच्या खोक्यात वायफायचे दोन अँटेना प्लॅस्टिकच्या पिशवीत तसेच पडून होते. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने ते लावलेच नव्हते आणि मी कधी मागे वाकून पाहिलं नव्हतं.

त्यामुळे खिशात हात घालण्याआधी पुढचं वाचा.

स्पीड वेगळा, पिंग वेगळा

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा येऊ शकतो. पिंग म्हणजे तुमचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात. शूटर गेमला डेटा फार लागत नाही, एखाद-दोन एमबीपीएसमध्ये भागतं. पण तो डेटा वेळेवर आणि सारख्या अंतराने यावा लागतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती तपासतो, म्हणजे साधारण दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा. तुमचं पॅकेट २०० मिलिसेकंद कुठे रेंगाळलं, तर तेवढ्यात सर्व्हरचे पंचवीस ठोके निघून गेलेले असतात.

म्हणूनच कायम ६० असलेला पिंग खेळायला बरा, पण २० आणि २०० यांच्यात उड्या मारणारा नको. या उड्यांना जिटर म्हणतात.

वायफायवर हे जास्त होतं, कारण वायफाय ही सगळ्यांची सामायिक हवा आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यात तुमचा मोबाईल, टीव्ही आणि त्याच चॅनलवर असलेला शेजाऱ्यांचा राऊटरसुद्धा आला. केबलमध्ये ही रांगच नसते.

आधी दोष कुठे आहे ते पाहा

हा या सगळ्यातला सर्वात कामाचा भाग आहे आणि फुकट आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'पिंग' टाइप करा, जागा सोडा, राऊटरचा पत्ता लिहा (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राऊटरच्या खालच्या स्टिकरवर सापडतो), पुन्हा जागा सोडून डॅश आणि टी. एंटर दाबा, ती खिडकी चालू ठेवा. दुसरी खिडकी उघडून तसाच पिंग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर लावा. आता दहा मिनिटं गेम खेळा आणि अडकलं की दोन्ही खिडक्या पाहा.

राऊटरचाच पिंग ५०, १५०, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असा नाचत असेल, तर दोष घरात आहे. चांगल्या वायफायवर हा आकडा १ ते ५ च्या आसपास राहतो. राऊटर शांत आणि ८.८.८.८ नाचतोय, तर दोष राऊटरच्या पुढे आहे. दोन्ही शांत असूनही गेम अडकतोय, तर वायफायला दोष देऊ नका. एकतर गेमचा सर्व्हर, नाहीतर तुमचं ग्राफिक्स कार्ड. एफपीएस पडणं आणि लॅग होणं यात आपण फार घोळ घालतो.

दोष घरात असेल तर

सुरुवात कॅबिनेटपासून, म्हणजे ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो त्या डब्यापासून. तो पत्र्याचा असतो, बहुधा टेबलाखाली असतो आणि वायफाय कार्डाचे अँटेना त्याच्या मागे, भिंतीला चिकटून. म्हणजे एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला वीट. राऊटर हॉलमध्ये दाराजवळ, कारण फायबरची वायर तिथून आत आली. मध्ये लोखंडी कपाट असेल तर विचारायलाच नको. लांब वायरीवर टेबलावर ठेवता येणारा अँटेना मिळतो, तो लावा किंवा कॅबिनेट वर घ्या.

त्यानंतर बँड. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत वायफायची वीस नावं दिसत असतील, तर ती सगळी या तिघांत कोंबलेली आहेत. ब्लूटूथही तिथेच, मायक्रोवेव्हची गळतीही तिथेच. ५ गिगाहर्ट्झवर जागा बरीच जास्त आहे, पण भिंती त्याला लवकर अडवतात. अनेक राऊटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि डेस्कटॉप गुपचूप २.४ वर जाऊन बसतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन वेगळी नावं द्या आणि गेमिंगचा पीसी ५ वर जोडा. मध्ये एकच भिंत असेल तर बहुतेकदा इथेच काम होतं.

यूएसबीचा वायफाय डाँगल वापरत असाल, तर एक गंमत. यूएसबी ३.० ची पोर्ट आणि केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर शोधपत्रच काढलं होतं. मागे एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि तिच्या शेजारी डाँगल असेल, तर डाँगल छोट्या एक्स्टेंशन केबलने लांब घ्या. वायरलेस माऊस अडखळत असेल तरी हाच उपाय करा, कारण त्याचा रिसीव्हरही २.४ वरच असतो. कित्येकदा लोक ज्याला नेटचा लॅग म्हणतात तो माऊसचा असतो.

ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा झटका येत असेल, तर अनेकदा विंडोज आजूबाजूची नेटवर्क शोधत असतं किंवा कार्ड वीज वाचवायला डुलकी घेत असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी खूण काढा. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या.

आणि रिपीटर? माझं मत स्पष्ट आहे: गेमिंगसाठी घेऊ नका. स्वस्तातला रिपीटर तीच गोष्ट ऐकून पुन्हा बोलतो, म्हणजे हवेतली रांग दुप्पट. त्या पैशांत कॅट-६ ची २० मीटर केबल येते. ती भिंतीच्या कडेने क्लिपा ठोकून नेली, तर हा अख्खा लेख तुम्हाला लागणार नाही. भाड्याच्या घरात खिळे चालत नसतील, तर दाराच्या चौकटीवरून दुहेरी टेपने नेता येते. दिसायला वाईट दिसते, मान्य.

राऊटर शांत, पण पुढे गोंधळ

इथे बहुतेकदा घरातलंच कुणीतरी अपलोड करत असतं. फोटोंचा बॅकअप, क्लाउडवर जाणारा सीसीटीव्ही, ताईचा व्हिडिओ कॉल. अपलोडची नळी भरली की राऊटर पॅकेट रांगेत लावतो आणि तुमची छोटीशी गोळीही त्या रांगेत उभी राहते. याला बफरब्लोट म्हणतात. तपासायला ८.८.८.८ चा पिंग चालू ठेवून एखादी मोठी फाइल ड्राइव्हवर चढवा. पिंग १० वरून ३०० वर गेला तर चोर सापडला. राऊटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम असेल, तर अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर स्टीमच्या डाउनलोडला आणि बॅकअपला वेळ बांधून द्या.

घरात काहीच चालू नसताना, केबल लावूनही ८.८.८.८ नाचत असेल, तर तो प्रश्न कंपनीचा. तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. ते स्पीड टेस्ट करायला सांगतील, ३०० येतील आणि तक्रार बंद होईल. दोन्ही खिडक्यांचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह पाठवा आणि "पॅकेट लॉस" हा शब्द वापरा.

एक गोष्ट मात्र कुणालाच दुरुस्त करता येत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर जवळपास ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नाही. गेमच्या सेटिंगमध्ये मुंबईऐवजी सिंगापूरचा सर्व्हर निवडला गेलाय का, तेवढं एकदा बघून घ्या.