वेण्णा तलावाकाठचा बर्फ आणि कॅमेऱ्याची साक्ष

आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं की सातारा-सांगलीच्या इतिहासात बर्फ कुठून आला? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ऊस आहे, हळद आहे, द्राक्षं आहेत, घाटावर धुकं आहे. बर्फ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येते ती उसाच्या रसात टाकायची लादी.

पण बहुतेक वर्षी डिसेंबर-जानेवारीत एक बातमी येतेच. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी, लिंगमळा परिसरात 'बर्फाची चादर'. सोबत छायाचित्रं असतात. गवत पांढरं झालंय, गाडीच्या टपावर पांढरा थर आहे, बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर कुणीतरी बोटाने नाव लिहिलंय. खाली ओळ ठरलेली, 'मिनी काश्मीर'. मग पर्यटक पहाटे चार वाजता उठून तिकडे धावतात. ही छायाचित्रं खोटी नाहीत. पण ती ज्याची साक्ष देतात म्हणून आपण सांगतो, त्याची साक्ष ती देतात का? एवढाच आजचा मुद्दा.

सुरुवात थंडीच्या इतिहासापासून करू. महाबळेश्वरचं क्षेत्र पुरातन, कृष्णेच्या उगमाचं. पण आज आपण ज्याला थंड हवेचं ठिकाण म्हणतो ते गाव साहेबाच्या गरजेतून उभं राहिलं. 1824 मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी तिथल्या कड्यावर पोहोचला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार केला. डोंगरमाथ्याच्या बदल्यात वाई भागातलं खंडाळा हे गाव महाराजांना मिळालं. नवं गाव माल्कम पेठ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. दहा वर्षांनी त्याच प्रतापसिंहांना इंग्रजांनी पदच्युत केलं, हेही लक्षात ठेवा. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले आणि 1842 च्या सुमारास त्यांनी वेण्णा तलाव बांधून घेतला. म्हणजे आज ज्याच्या काठावर 'काश्मीर' शोधतात, ते पाणी साताऱ्याच्या राजाने अडवलेलं आहे.

त्या काळात थंडी ही विकत घ्यायची वस्तू होती, अगदी शब्दशः. 1833 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज 180 टन बर्फ भुशात गुंडाळून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचलं. त्यातला सुमारे 100 टन शिल्लक होता. लवकरच मुंबईलाही अमेरिकन तळ्यांमधला बर्फ उतरू लागला. त्याच्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं. ज्यांनी बर्फ कधी पडताना पाहिला नव्हता, त्यांनी तो आधी पेल्यात पाहिला.

यानंतर आला कॅमेरा. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी. आता त्या वेळचं तंत्र समजून घ्या, कारण पुढचा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, तो चांदीच्या द्रावणात बुडवायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि वाळायच्या आत तंबूच्या अंधारात धुवायचा. सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज हे सगळं बिऱ्हाड डझनावारी हमालांच्या पाठीवर देऊन हिमालयात गेला आणि 1866 मध्ये सुमारे 18,600 फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत त्याने छायाचित्रं घेतली. तिथली एक अडचण बघा. त्या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. त्यामुळे निळं आकाशही पांढरं यायचं आणि बर्फाचं शिखरही पांढरं. डोळ्यांना स्पष्ट दिसणारी शिखराची कड कागदावर आकाशात विरघळून जायची.

त्याच सुमारास कॅनडात, माँट्रियल शहरात, विल्यम नॉटमन नावाचा छायाचित्रकार होता. मूळचा स्कॉटलंडचा, 1856 मध्ये तिकडे गेलेला. कॅनडाचा हिवाळा म्हणजे काय हे जगाने ज्यांच्या छायाचित्रांतून पाहिलं, त्यांत त्याचं नाव अग्रक्रमाने घ्यावं लागेल. 1866 मध्ये त्याने शिकारीच्या दृश्यांची मालिका काढली. त्यात बर्फात तळ ठोकलेले शिकारी आहेत, वरून हिम पडतंय, आणि ही सगळी दृश्यं स्टुडिओच्या आत घेतलेली! जमिनीवरचा बर्फ म्हणजे पसरलेलं मीठ. पडणारं हिम म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर उडवलेला रंगाचा बारीक फवारा. निगेटिव्हवर जिथे रंगाचा ठिपका, तिथून प्रकाश पलीकडे जात नाही, म्हणून कागदावर तिथे पांढरा ठिपका उरतो. 1870 च्या स्केटिंग उत्सवाचं त्याचं प्रसिद्ध चित्र तर एकेका माणसाचं छायाचित्र स्टुडिओत वेगवेगळं घेऊन, कापून, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवून केलेलं आहे.

बाहेर रस्त्यावर खरा बर्फ ढिगाने पडलेला असताना हा माणूस आत मीठ का पसरत होता? कारण खऱ्या बर्फात ते तंत्र चालवणं जिकिरीचं होतं. प्रकाश कमी, माणसांनी काही सेकंद न हलता थांबायचं, ओली काच थंडीत सांभाळायची. लबाडी म्हणून त्याने हे केलं नाही, आणि गिऱ्हाइकांनाही त्यात फसवणूक वाटली नाही. पण आपण हे ध्यानात ठेवायचं की कॅनडाच्या खऱ्या हिवाळ्याची साक्ष म्हणून जी चित्रं भिंतींवर लागली, त्यातल्या काहींत मीठ होतं.

आजच्या मोबाइलचं काय? तिथेही गंमत आहे. कॅमेऱ्याचं प्रकाशमापक यंत्र असं गृहीत धरतं की समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे. समोर सगळं पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते चित्र गडद करतं. बर्फ राखेसारखा येतो. म्हणून बर्फाची छायाचित्रं घेणारे मुद्दाम एक ते दोन स्टॉप जास्त प्रकाश घेतात. मोबाइलवर बोटाने ते सूर्याचं चिन्ह वर सरकवतात, तेच. नवे फोन दृश्य ओळखून ही दुरुस्ती स्वतःच करतात, पण म्हणजे काय, तर कुणीतरी त्यांना आधीच शिकवून ठेवलंय की बर्फ पांढरा असतो. निव्वळ यंत्राला पांढरा दिसत नाही. पांढरा हे आपण सांगतो.

आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न वेगळ्या वेषात यायचा. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त शंका घेतलेली आहे की हिम आणि गारा कठीण लागतात, मग त्यांना पृथ्वी का म्हणू नये, पाणी का म्हणायचं? उत्तर असं की ऊब लागली की ते वितळतात आणि पाणी असल्याचं प्रत्यक्षच कळतं. कठीणपणाची प्रतीती हा भ्रम आहे, कारण पाण्याचा प्रवाहीपणा काही काळ अडलेला असतो. हे भौतिकशास्त्र आज कुणी मानणार नाही. पण पद्धत बघा. पहिल्या दर्शनावर नाव ठेवू नका. वस्तूचं आधी काय होतं, पुढे काय होतं, तेही पाहा.

हीच पद्धत वेण्णा तलावाला लावू. पांढरं दिसणाऱ्या गोष्टी आपल्याकडे निदान तीन. हिम ढगात तयार होऊन खाली येतं. गारा उंच वाढलेल्या वादळी ढगात तयार होतात, आपल्याकडे बहुतेक वेळा उन्हाळी पावसासोबत येतात. आणि तिसरं, गोठलेलं दव. महाबळेश्वरात दिसतं ते हे तिसरं. आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात. पहाटेपर्यंत गवताचं पातं भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं, आणि त्याच्यावरचं दव गोठतं. ढग असतील तर ते पांघरुणासारखं काम करतात आणि दव गोठत नाही. म्हणजे तर्क असा होतो. हिमवर्षावाला ढग लागतात, गोठलेल्या दवाला निरभ्र आकाश. तेव्हा वेण्णाकाठच्या पहाटेच्या छायाचित्रात वर स्वच्छ आकाश असेल, तर तेच छायाचित्र रात्री हिम पडलं नसावं याकडे बोट दाखवतं! पुरावा चित्रात होता. चूक खालच्या ओळीत होती.

आता म्हणाल, सर, दव म्हटलं काय आणि बर्फ म्हटलं काय, फरक काय पडतो? लोक हौसेनं येतात, चार चहावाल्यांचं पोट भरतं. खरं आहे. पण त्याच लिंगमळ्याजवळ, त्याच पहाटे, स्ट्रॉबेरीचे वाफे असतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उमललेल्या फुलावर दव गोठलं की फुलाचा मधला भाग काळा पडतो, आणि त्या फुलाला फळ धरत नाही. पर्यटक ज्या पांढऱ्या थराचं छायाचित्र काढतो, त्याच्याखाली कुणाचा तरी फेब्रुवारीतला माल जळलेला असतो. 'बर्फाची चादर' म्हटलं की ते सौंदर्य होतं. 'दव गोठलं' म्हटलं की ते नुकसान होतं.

आणखी एक गाठ आहे. हवामान खात्याचा आकडा त्या दिवशी सहा-सात अंश असू शकतो. लोक म्हणतात खातं खोटं बोलतं, किंवा म्हणतात शेतकरी खोटं बोलतो. दोघेही खरं बोलत असतात. तापमापक जमिनीपासून सुमारे 4 फुटांवर, सावलीच्या पेटीत असतो. गवत त्याहून कित्येक अंशांनी थंड असतं. शिवाय थंड हवा जड, ती उतारावरून तलावाच्या खोलगट भागात येऊन साचते. एकाच गावात दोन तापमानं असतात.

हे नुसतं कुतूहल नाही. आता सांगलीकडे चला. तासगाव, मिरज, पलूस भागातला द्राक्षबागायतदार हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हप्ता भरतो. त्या विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवर. केंद्र एका जागी, बाग दुसऱ्या जागी. गारपिटीचं तर त्याहून अवघड. गारपिटीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि नुकसान 72 तासांच्या आत कळवावं लागतं. गार घटकाभरात वितळते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत बागेत गार नसते, तिची जखम असते. फुटलेले मणी, फाटलेली पानं, काडीवरचे ओरखडे. महाबळेश्वरात छायाचित्र हौसेचं असतं, सांगलीत ते शेतकऱ्याचा साक्षीदार असतं.

आणि म्हणूनच साक्षीदाराची उलटतपासणी होणार. नुसतं पांढऱ्या ढिगाचं जवळून घेतलेलं चित्र काही सांगत नाही. ते कुठलंही असू शकतं, मागच्या वर्षीचं, दुसऱ्या जिल्ह्याचं. इतिहासाच्या साधनांना आपण जे प्रश्न विचारतो, तेच इथे विचारले जातात. कुठे, केव्हा, कुणी, आणि शेजारी आणखी काय होतं? म्हणून माझं सांगणं असं. गारेशेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. एक चित्र दुरून घ्या, त्यात तुमची विहीर, घर, खांब, ओळखता येईल असं काहीतरी येऊ द्या. एक चित्र जखमेचं जवळून. दुसऱ्या दिवशी त्याच वेलीचं पुन्हा. मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच राहू द्या, कारण एकमेकांना पाठवताना तिच्यातली तारीख-वेळ बहुधा गळून जाते. उजेड वाढवा, कमी करा, काही हरकत नाही, पण वेगळ्या प्रतीवर.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं आज टोरांटो, मिसिसागाकडे आहेत. जानेवारीत ती अंगणातल्या गुडघाभर बर्फाची चित्रं पाठवतात. ती पाहून पाहून आपला डोळाही तयार झालाय. पांढरं दिसलं की तोंडात बर्फ हा शब्द येतो. पण आपल्या भाषेत दव आहे, दहिवर आहे, धुकं आहे, गार आहे. हे शब्द रानात राबणाऱ्यांनी पिकाच्या काळजीपोटी जपले. नॉटमनच्या मिठाला हिम म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. गोठलेल्या दवाला काश्मीर म्हणताना मात्र वाफ्यात उभ्या माणसाकडे एकदा बघावं. यंदाच्या थंडीत महाबळेश्वरला गेलात तर छायाचित्र जरूर काढा, पहाटे, ऊन येण्याआधी. एक तलावाचं काढा, एक शेतकऱ्याला विचारून वाफ्याचं काढा, आणि खाली जे आहे तेच लिहा.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.