यमुनेचे पूरमैदान : राजधानीच्या जलव्यवस्थापनाचा कणा

यमुनोत्री येथे उगम पावून प्रयागराज येथे गंगेस मिळणाऱ्या यमुना नदीची लांबी 1,376 किलोमीटर आहे. त्यापैकी दिल्लीतील वजीराबाद ते ओखला हा 22 किलोमीटरचा पट्टा एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. तथापि नदीतील प्रदूषणाचा सुमारे तीन चतुर्थांश भार याच पट्ट्यात पडतो.

वजीराबाद येथे राजधानीसाठी पिण्याचे पाणी उचलले जाते. त्यामुळे पावसाळा वगळता बंधाऱ्याखाली नैसर्गिक प्रवाह जवळजवळ उरत नाही आणि नदीपात्र नाल्यांतील पाण्याने भरते. यांपैकी सर्वांत मोठा नजफगढ नाला ही मुळात अरवलीतून येणारी साहिबी नदी होय. म्हणूनच सांडपाण्यावर प्रक्रिया, नदीतील किमान प्रवाह आणि पूरमैदानाचे संरक्षण या तिन्ही बाबी परस्परांशी निगडित आहेत. यमुनेच्या पाणीवाटपाबाबत पाच राज्यांत 12 मे 1994 रोजी झालेल्या करारात ताजेवाला (हथनीकुंड) व ओखला यांच्या खालच्या बाजूस किमान प्रवाह टप्प्याटप्प्याने सेकंदाला 10 घनमीटरपर्यंत नेण्याची तरतूद आहे.

पूरमैदानातील वाळूचे थर पावसाळ्यात पुराचे पाणी शोषून घेतात. उत्तर दिल्लीतील पल्ला परिसरात याच साठ्यातून कूपनलिकांद्वारे शहराला पाणी पुरवले जाते. तेथे 2019 मध्ये उथळ तळ्यात पुराचे पाणी अडवून भूजल पुनर्भरणाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. वजीराबादजवळ दिल्ली विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठाच्या सहकार्याने उभारलेल्या 457 एकरांच्या यमुना जैवविविधता उद्यानात पाणथळ जागा व स्थानिक वनस्पतींचे समूह पुन्हा निर्माण करण्यात आले असून, हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी उतरतात.

राष्ट्रीय हरित लवादाने 13 जानेवारी 2015 रोजीच्या निकालात पूरमैदानावरील बांधकामास मनाई केली. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे या क्षेत्राची सीमा निश्चित करण्याचे निर्देश देण्यात आले. राडारोडा टाकणाऱ्यास 50 हजार रुपये भरपाईची तरतूदही झाली.

या जमिनीचे मोल जुलै 2023 मध्ये प्रकर्षाने जाणवले. यमुनेची पातळी 208.66 मीटरवर पोहोचून 1978 मधील 207.49 मीटरचा विक्रम मोडला गेला. सखल भागांतील हजारो नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले आणि वजीराबादसह तीन जलशुद्धीकरण केंद्रे तात्पुरती बंद ठेवावी लागली. पुराचा पहिला फटका बसला तो नदीकाठी शेती करणाऱ्या व झोपड्यांत राहणाऱ्या कुटुंबांना. पुनरुज्जीवनासाठी हटवली जातात तीही हीच कुटुंबे. त्यामुळे त्यांचे पुनर्वसन हा या कार्याचा अविभाज्य प्रश्न ठरतो.

पूरमैदान मोकळे ठेवायचे की त्यावर घाट, उद्याने व पदपथ बांधायचे, हा प्रश्न पुण्यातील मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पाच्या निमित्तानेही चर्चेत आला आहे. दिल्लीचा अनुभव असा, की काठाचे सुशोभीकरण प्रवाहाची जागा घेऊ शकत नाही. नदीला पाणी आणि पसरण्यास जागा, दोन्ही लागतात.