३७० पिनांचा सॉकेट: 'बसतो' आणि 'चालतो' यातला फरक

संशोधन सुरू करणाऱ्या प्रत्येकाला एक सवय लावून घ्यावी लागते. साधनात एखादा शब्द किंवा आकडा दिसला की तो कोणी लिहिला, कधी लिहिला आणि कोणासाठी लिहिला हे आधी विचारायचं. इतिहासाच्या वर्गात हे मोडी कागद आणि सनावळ्यांच्या उदाहरणांनी शिकवतात. आज मी ते जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या उदाहरणाने सांगते. विषय भंगाराच्या दुकानातला वाटेल, पण पद्धत तीच आहे. शिवाय या साधनांना अजून कोणी हात लावलेला नाही, आणि ती वेगाने संपत चालली आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवं संगणक धोरण आणलं आणि आयातीचे नियम सैल झाले. १९९१ नंतर ते आणखी सैल झाले. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, आणि करारातल्या वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत गेलं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचं नेहरू प्लेस हे सुट्या भागांचे मोठे बाजार झाले. नागपुरात अशा खरेदीसाठी लोक बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला जात.

ब्रँडेड मशीन परवडत नसे, म्हणून घरोघरी 'असेंबल्ड' डबा आला. तो घेताना एक हिशोब असायचा: आत्ता स्वस्तातला प्रोसेसर टाकू, बोर्ड जरा चांगला घेऊ, पुढे पैसे आले की प्रोसेसर बदलू. घरातला एक मोठा खर्च या 'पुढे बदलू' वर उभा होता. आता प्रश्न असा की ते वचन दिलं कोणी? चिप बनवणाऱ्याने, बोर्ड बनवणाऱ्याने, की दुकानदाराने?

एकच खूण, दोन अर्थ

सॉकेट ७ चे बोर्ड घ्या. बोर्डाचा वेग ६६ मेगाहर्ट्झ. प्रोसेसर त्याच्या किती पट पळायचा हे जंपर लावून ठरायचं. बहुतेक बोर्डांवर यासाठी दोन जंपर असत. दोन जंपरच्या जुळण्या चारच होतात आणि त्या चारही वापरात होत्या: १.५, २, २.५ आणि ३ पट. जानेवारी १९९७ मध्ये पेंटियम एमएमएक्स आला आणि त्याच वर्षी पुढे त्याचं २३३ मेगाहर्ट्झचं मॉडेल निघालं, म्हणजे ३.५ पट. जागा तर शिल्लक नव्हती. मग इंटेलने काय केलं? १.५ ची जुळणी या चिपने ३.५ म्हणून वाचायची, असं ठरवलं.

आता १९९६ मध्ये छापलेलं मॅन्युअल उघडा. त्यात ३.५ कुठेच नाही. ते वाचून तुम्ही लिहाल की या बोर्डावर २३३ चालत नाही. पण जंपर १.५ वर ठेवला की चालतो, अर्थात बोर्ड २.८ व्होल्ट देऊ शकत असेल तर. जुन्या पेंटियमला साधारण ३.३ व्होल्ट लागायचे. एमएमएक्सला आतल्या भागासाठी २.८ आणि बाहेरच्या जोडणीसाठी ३.३, असे दोन वेगळे पुरवठे लागत.

मराठी कागदांत नेमकं हेच होतं. कागदावर सनाचा आकडा असतो. तो सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे, दख्खनी फसली असेल तर ५९० किंवा ५९१. कोणता सन धरून वाचायचं हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. जंपरचंही तसंच. मॅन्युअल खोटं बोलत नाही, ते फक्त आधी छापलं गेलं आहे.

सॉकेट ३७०: नाव तेच, करार वेगळा

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी केस ही आहे. १९९७ चा पेंटियम २ व्हिडिओ गेमच्या कॅसेटसारखा उभ्या स्लॉटमध्ये बसायचा. जानेवारी १९९९ मध्ये स्वस्त सेलेरॉनसाठी ३७० पिनांचा चौकोनी सॉकेट आला. पुढच्या अडीच वर्षांत त्यात तीन पिढ्या बसल्या.

पहिली मेंडोसिनो, २ व्होल्टची. दुसरी ऑक्टोबर १९९९ मधली कॉपरमाइन, ०.१८ मायक्रॉनची, साधारण १.६ ते १.७५ व्होल्टवर चालणारी. तिसरी २००१ मधली टुआलाटिन, ०.१३ मायक्रॉनची, १.५ व्होल्टच्या आसपासची.

तिन्ही एकाच आकाराच्या सॉकेटमध्ये अलगद बसतात. पण मेंडोसिनोच्या काळातला बोर्ड कॉपरमाइनला लागणारं कमी व्होल्टेज देईलच असं नाही. शिवाय रीसेटसारख्या काही पिनांचं काम बदललं होतं. टुआलाटिनमध्ये तर चिप आणि बोर्ड ज्या पातळीवर एकमेकांशी बोलतात, तीच १.५ वरून १.२५ व्होल्टवर आली. वर बायोसला नवी चिप ओळखता यायला हवी, हा वेगळाच मुद्दा.

म्हणून 'कम्पॅटिबल' या एका शब्दाचे निदान चार प्रश्न करा. बसतो का? वीज बरोबर मिळते का? वेग जुळतो का? बायोस ओळखतो का? त्या काळच्या जाहिरातीत किंवा दुकानाच्या बिलावर 'सॉकेट ३७०' एवढंच लिहिलेलं असेल, तर उत्तर फक्त पहिल्याच प्रश्नाचं मिळालेलं असतं.

यातही एक बारकावा आहे. २००० मध्ये आलेला इंटेल ८१५ चिपसेट सुरुवातीला टुआलाटिन चालवत नव्हता. नंतर त्याची 'बी' आवृत्ती आली, ती चालवते. म्हणजे चिपसेटचं नाव तेच, फरक फक्त आवृत्तीच्या अक्षरात. पोथीचे पाठभेद पाहणाऱ्याला हे सांगायला नको. ग्रंथाचं नाव पुरत नाही, प्रत कोणती ते सांगावं लागतं.

मग हे मुद्दाम केलं होतं का?

हा प्रश्न मुलाखतीत आणि व्हायवात हमखास येतो. पुराव्याने काय म्हणता येतं ते बघू. ट्रान्झिस्टर लहान झाले की जास्त व्होल्टेज सोसत नाहीत, त्यामुळे व्होल्टेज उतरणं ही भौतिक गरज होती. दुसरीकडे, १९९८ च्या ४४० बीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर लोकांनी टुआलाटिन चालवले. योग्य व्होल्टेज देणारे आणि पिना वळवून घेणारे अडॅप्टर बाजारात मिळायचे. काही हौशींनी तर एखादी पिन झाकून आणि एखादी तार ओढून काम भागवलं.

याचा अर्थ दरी बुजवता येण्यासारखी होती, एवढं सिद्ध होतं. कंपनीने ती ग्राहकाला लुबाडायला ठेवली, हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी निर्णयाच्या वेळची अंतर्गत कागदपत्रं हवीत. परिणाम दिसला म्हणून हेतू लिहून मोकळं व्हायचं नाही.

ग्राहकापुरता परिणाम मात्र स्पष्ट आहे. प्रोसेसर बदलायला गेलेल्या माणसाला अनेकदा बोर्ड बदलावा लागला, बोर्डामुळे कधी रॅम, आणि जुना एटी पद्धतीचा डबा असेल तर कॅबिनेट आणि एसएमपीएससुद्धा.

साधनं कुठे आहेत, आणि कोणती उरलेली नाहीत

या काळात कोणता प्रोसेसर कोणत्या बोर्डावर खरोखर चालतो, हे ज्ञान असेंबलरच्या डोक्यात होतं. नागपुरात त्याला आणखी एक गोष्ट बघावी लागायची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि डब्यातली हवा खोलीतल्या हवेपेक्षा गरमच असते. हे मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. ती माणसं आज साठीच्या आसपास आहेत. मुलाखती घ्यायच्या असतील तर आत्ता घ्या.

वस्तूंच्या बाबतीत 'काय टिकलं' याचा विचार करा. साधारण १९९९ नंतरच्या अनेक बोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर होते, ते फुगून बोर्ड मेले. सिरॅमिकचे जुने प्रोसेसर सोन्यासाठी वितळवले गेले. त्यामुळे आज भंगारात जे जास्त दिसतं, ते त्या काळी जास्त विकलं गेलं असा निष्कर्ष काढू नका.

सराव म्हणून एक जुना बोर्ड मिळवा. त्यावरचा मॉडेल क्रमांक आणि रिव्हिजन, प्रोसेसरवरचा 'एसएल' ने सुरू होणारा कोड, बायोसच्या पहिल्या पडद्यावर तळाशी दिसणारी तारीख आणि जंपरचा तक्ता, एवढं टिपून घ्या. मग वरचे चार प्रश्न विचारा आणि प्रत्येक उत्तरापुढे ते कोणत्या साधनावरून दिलं ते लिहा. ज्या उत्तरापुढची जागा रिकामी राहील, तिथून तुमचा संशोधन प्रश्न सुरू होऊ शकतो.